नातवाचं नाव ‘बे चालेल’? अर्थ सांगा कुणीतरी, वाटीवर कोरायचंय

सुरसागरकाठची आजी (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इथे मी एरवी फक्त वाचते. आज अडले म्हणून लिहायला बसलेय.

आम्ही बडोद्याचे. चार पिढ्या दांडिया बाजारात गेल्या. ह्यांचं फोटो-फ्रेमचं दुकान आहे, मी बँकेतून निवृत्त. मुलगा इथल्याच फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकला, आणि तिथेच त्याला आमची सूनबाई भेटली. तिचं माहेर ठाण्याचं, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. आडनाव आपल्यासारखंच ‘कर’वालं, भाषा मराठीच, आणि भरली वांगी माझ्यापेक्षा चांगली करते. लग्नाला आमच्याकडून काही कुरकुर झाली नाही. झाली असली तर ती माझ्या नणंदेची, आणि ती आमच्या शेजारच्या लग्नातही झाली होती.

तर पंधरा दिवसांपूर्वी ठाण्याला नातू झाला. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. आठव्या दिवशी त्यांच्यात सुंता करतात आणि त्याच वेळी नाव ठेवतात. ह्यांचा गुडघा धरलाय, त्यामुळे आम्हाला जाता आलं नाही. मुलाने व्हिडिओ कॉल लावून मोबाइल कपाटावर ठेवला होता. मला दिसलं ते असं: पुष्कळ डोकी, डोक्यांवर टोप्या, मधे एक छान कापड घातलेली खुर्ची, आणि तिच्यावर कुणीच नाही. मला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस यायचंय, गाडी चुकली असेल. मग गाणं, मग बाळाचं रडणं, मग मोबाइल पडला.

संध्याकाळी मुलाचा फोन. “आई, नाव ठेवलं.” काय ठेवलं म्हटलं तर म्हणाला, “बेचालेल.” मी म्हटलं, दोन कशाला, एकच झालाय ना? इकडे गुजरातीत ‘बे’ म्हणजे दोन, आणि ‘चालेल’ आपलं रोजचंच. शेजारच्या बेनना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बे तो चाले, पण पेलां एक ने मोटो थवा दो.” दोन दिवस सगळ्या वाड्यात हसणं चाललंय.

मुलगा सांगतो, नाव हिब्रू आहे, बायबलमधलं आहे, कुणी मोठा कारागीर होता. एवढं सांगून तो बाळाचे लंगोट बदलायला जातो. सूनबाईला या दिवसांत किती विचारणार? झोप नाही बिचारीला.

आता खरी अडचण. बाळ सव्वा महिन्याचं झालं की ते तिघं इथे येणार. मी आमच्या पद्धतीचं बारसं करणार आहे, सूनबाईची हौसेने परवानगी आहे. त्यासाठी चांदीची वाटी करायला टाकली. नाव मी कागदावर लिहून दिलं होतं, तरी सोनाराने कोरलं ‘बेसालाल’. म्हणे, “मला वाटलं लाल राहिलंय, म्हणून घातलं.” वाटी परत दिली आहे. तो घासून पुन्हा कोरून देईल, पण आता म्हणतो, एकदाच काय ते नक्की सांगा, चांदी झिजते.

तेव्हा मला तीन गोष्टी हव्यात. अर्थ काय. देवनागरीत कसं लिहायचं. आणि पाळण्यात हाक काय मारायची, कारण माझ्या तोंडून सारखं ‘चालेल, चालेल’ येतंय आणि हे आतून विचारतात, “काय चालेल?”

रावपुऱ्याचा रिकामटेकडा (सोमवार, रात्री १०:०५)

आजी, अभिनंदन! पेढे की जिलेबी?

शाळेत पोरं ‘बेसन’ म्हणणार हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या वर्गात त्र्यंबक होता, त्याचं आम्ही टमरेल केलं होतं, म्हणजे चांगलं नाव असून काही उपयोग नसतो. बाकी अर्थ जाणकार सांगतील.

शनवारतेली ठाणे (मंगळवार, सकाळी ६:१५)

आजीबाई, मझल तोव! म्हणजे अभिनंदन.

मी त्याच समाजातला, वय वर्षं एकाहत्तर. आमचे पूर्वज कोकणात, अलिबागच्या आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. ज्या गावात राहिलो त्याचं आडनाव झालं: किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. ते ‘कर’ तुमच्या सुनेकडे आहे ते असं आलं.

आधी ती रिकामी खुर्ची. कुणाची गाडी चुकली नव्हती. ती एलियाहू हानावीची, म्हणजे एलिया नबीची. प्रत्येक सुंतेला तो येतो अशी श्रद्धा, म्हणून त्याची जागा मांडून ठेवायची आणि बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवायचं. आमच्या समाजाचं एलियाहूवर सगळ्यांत जास्त प्रेम. नवस त्याला, आणि फेडायचा तो मलिद्याने. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात.

आता नाव. खरं सांगायचं तर आमच्यातही हे नाव विरळा. दाऊद, शमुएल, मोशे, एलियाहू, बिन्यामीन पैशाला पासरी मिळतील. या नावाचा माणूस मला एकाहत्तर वर्षांत भेटलेला नाही. तुमच्या नातवाला भेटायला आलो तर तो पहिला.

नाव आहे तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, दुसऱ्या पुस्तकात. मराठी बायबल उघडा, निर्गम, अध्याय ३१. तिथे त्याचं नाव ‘बसालेल’ असं छापलंय. यहूदा वंशाचा, ऊरीचा मुलगा, हूरचा नातू. मोशेने आमच्या लोकांना मिसरमधून (इजिप्तमधून) बाहेर काढल्यावर रानात देवासाठी तंबू उभारायचा होता, मिश्कान. त्याच्या सगळ्या कामावर देवाने मोशेला सांगून हा माणूस नेमला. सोनं, रुपं, पितळ, रत्नं जडवणं, लाकूड कोरणं, सगळं त्याच्या हाताखाली. जोडीला दान वंशाचा अहलियाब. म्हणजे तुमचा मुलगा म्हणाला ते खरं, कारागीर. पण नुसता सुतार-सोनार नाही. तोरा म्हणते की देवाने त्याच्यात आपला आत्मा भरला, शहाणपण, समज आणि ज्ञान दिलं. हे वाक्य कुणा राजाबद्दल किंवा सेनापतीबद्दल नाही, हाताने काम करणाऱ्याबद्दल आहे. शिल्पकार आईबापांनी ते नाव का उचललं, हे मला तरी विचारावं लागणार नाही.

आमच्या जुन्या लोकांनी मात्र हे नाव ठेवलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हे सांगतो. आमच्याकडे शमुएलचा सामाजी व्हायचा, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, अब्राहमचा आबाजी. मुंबईत मांडवीला (तुमच्याकडेही मांडवी आहे म्हणा) १७९६ मध्ये समाजाचं पहिलं सिनेगॉग ज्याने बांधलं त्याचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. कानाला शुद्ध मराठा सरदार वाटतो की नाही? त्या हिशोबाने तुमच्या नातवाचा ‘बसाजी’ झाला असता आणि सोनाराला एवढा त्रास पडला नसता.

पुढे लोक पुन्हा हिब्रू शिकले तशी मूळ नावं परत आली. कोचीनहून शिक्षक आले. पाद्री जॉन विल्सनने तर १८३२ मध्ये आमच्या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्याचा हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता. आम्ही व्याकरण घेतलं, बाकी परत केलं.

उच्चार मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. आमचा हिब्रू सगळा प्रार्थनेचा, कोकणी वळणाचा. इस्रायलमधल्या अश्दोदचा एक गृहस्थ इथे असतो, तो सांगेल.

शब्दशोधक (मंगळवार, सकाळी ११:३०)

हा शब्द मुळात संस्कृतच आहे. विशाल > बिशाल > बेसाल, पुढे ‘ल’ हा स्वार्थी प्रत्यय. विश्वकर्म्याचंच हे नाव, कारागिरीचा उल्लेख आहेच. सगळं इथूनच गेलं, पण आपल्याला अभिमान नाही.

अश्दोदकर (मंगळवार, दुपारी ३:२०)

मला हाक मारली म्हणून आलो. मी अलिबाग तालुक्यातला, सात वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इस्रायलला आलो. मराठी घरी बोलतो, चुकलं तर सांभाळून घ्या.

शब्दशोधक साहेब, तुमच्या ‘विशाल’ला नमस्कार, पण या नावाचे सांधे इतके उघडे आहेत की इकडचं तिसरीतलं पोरही ते सुटे करून दाखवेल. ‘बे’ म्हणजे ‘मध्ये’. हा आपल्या सप्तमीसारखा, फक्त शब्दाच्या मागे न लागता पुढे लागतो. ‘त्सेल’ म्हणजे सावली. ‘एल’ म्हणजे देव, तोच एल जो दानिएल, शमुएल, इस्राएल यांच्या शेपटाला आहे. सगळं जोडून: देवाच्या सावलीत. जोडताना ‘त्सेल’चा ‘त्साल’ झाला. बेथलेहेममधला ‘बे’ वेगळा हं, तो ‘बेथ’, म्हणजे घर. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर.

आता आजीबाईंची गंमत. तुम्ही हसताय, पण तुमच्या मुलाने नाव अगदी बरोबर सांगितलं आणि तुम्ही अगदी बरोबर ऐकलं. हिब्रूत एक अक्षर आहे, त्सादी. इंग्रजी बायबलवाल्यांनी तिथे झेड घातला आणि जगभर ‘बेझालेल’ झालं. पण तो झेड नाही. तो आपला चमच्यातला च. चाक, चटणी, चावी यातला. ‘चहा’ आणि ‘चिमणी’तला नव्हे. मराठी माणसाच्या जिभेवर तो जन्मापासून असतो, म्हणून माझी आई इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्सादी नीट म्हणायला लागली आणि शेजारचे दुसऱ्या देशांतून आलेले लोक सहा महिने अडखळत होते. ‘चालेल’ म्हणताना तुमची जीभ जिथे टेकते तिथेच ती टेकवायची. फक्त जोर शेवटच्या ‘एल’वर द्यायचा आणि त्याच्या आधी अगदी बारीक थांबा घ्यायचा: बे-चाल-एल. म्हणजे तुमचं ‘बे चालेल’ हा निम्म्या जगापेक्षा शुद्ध उच्चार आहे.

लिहिताना मात्र च लिहू नका. तुम्ही बडोद्यात आहात. गुजराती किंवा हिंदी माणूस ‘बेचालेल’ वाचेल तेव्हा चिमणीतला च लावेल, आणि हिंदीत तर ‘बेचा’ म्हणजे विकलं. पोरगं विकल्यासारखं वाटेल. ‘बेत्सालेल’ लिहा.

अर्थाबद्दल थोडं आणखी. सावली म्हटल्यावर आपल्याकडे कधी कधी लोकांना काळं, अशुभ काहीतरी आठवतं, कुणाची सावली पडली वगैरे. इथे तसं अजिबात नाही. हे वाळवंटातल्या लोकांचं नाव आहे. तिथे सावली म्हणजे जीव वाचला. तेहिलीम, म्हणजे स्तोत्रसंहिता, ९१वं स्तोत्र उघडा, पहिल्याच ओळीत सर्वसमर्थाच्या सावलीत राहणारा माणूस आहे, आणि शब्द हाच, त्सेल. १२१व्यात देवच तुझ्या उजव्या हाताला सावली आहे असं म्हटलंय. आणि गंमत बघा, बेत्सालेलच्या बापाचं नाव ऊरी. ते ‘ओर’वरून, ओर म्हणजे उजेड. बाप उजेड, मुलगा सावली. हे कुणी ठरवून केलं की झालं, कोण जाणे, मला आवडतं.

आता तालमूदमधली, म्हणजे आमच्या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथातली, एक गोष्ट, ब्राखोत नावाच्या भागातली. देवाने मोशेला सांगितलं होतं, बेत्सालेलला सांग: तंबू कर, पेटी (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायची) कर, भांडी कर. मोशेने येऊन क्रम उलटा सांगितला: पेटी कर, भांडी कर, तंबू कर. बेत्सालेल म्हणाला, “मोशे आमचे गुरुजी, जगाची रीत अशी की माणूस आधी घर बांधतो, मग त्यात सामान आणतो. तुम्ही म्हणता सामान आधी कर. केलं तर ठेवू कुठे? देवाने असं नसेल ना सांगितलं, आधी तंबू, मग पेटी आणि भांडी?” तेव्हा मोशे थक्क झाला आणि म्हणाला, तू काय देवाच्या सावलीत बसला होतास की काय, म्हणून तुला कळलं! बे-त्सेल-एल. नावावरचाच श्लेष. मला या गोष्टीत आवडतं ते एवढंच की प्रत्यक्ष मोशेला एका कारागिराने ‘आधी जागा, मग फर्निचर’ असं सुनावलं आणि मोशेने ऐकून घेतलं. आमच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा आमच्या आर्किटेक्टने नाही ऐकलं.

परंपरेत असंही म्हणतात की हे सगळं केलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. एझ्राच्या पुस्तकात याच नावाचा आणखी एक माणूस येतो, पण तो नुसता यादीत. प्रागचे प्रसिद्ध रब्बी, १६०९ मध्ये वारले ते महारल, मातीच्या जिवंत पुतळ्याची, गोलेमची, दंतकथा ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्या वडिलांचं नाव हेच. आणि जेरुसलेममधली सगळ्यांत नावाजलेली कलाशाळा, बोरिस शात्स या शिल्पकाराने १९०६ मध्ये काढलेली, तिचं नाव बेत्सालेल. इकडे कुणी म्हणालं की मी बेत्सालेलला शिकतो, तर तो चित्रकार, शिल्पकार किंवा तसलंच काहीतरी. तुमची सूनबाई हे नक्की जाणते.

हाक मारायचं लाडाचं नाव: इथे ‘त्साली’ म्हणतात. तुमच्या भाषेत ‘चाली’, पुन्हा चमच्यातला च.

आता एक कबुली देतो, नंतर कुणीतरी सांगितलं तर राग नको. हिब्रूत स्वर सहसा लिहीत नाहीत. बेत, त्सादी, लामेद ही या नावाची पहिली तीन अक्षरं नुसती लिहिली तर ‘बात्साल’ असंही वाचता येतं. बात्साल म्हणजे कांदा. माझ्या मुलाच्या वर्गात एक बेत्सालेल होता, त्याला पोरं कांद्याच म्हणायची. आणि ‘त्साली’ म्हणजे भाजलेलं मटण असाही अर्थ होतो.

रावपुऱ्याचा रिकामटेकडा (मंगळवार, दुपारी ३:४१)

कांदा आणि भाजलेलं मटण! हे नाव आहे की रविवारचा बेत? मी बेसन परत घेतो.

शब्दशोधक (मंगळवार, दुपारी ४:०२)

‘छल’ आणि ‘त्सेल’ यातलं साम्य पाहावं. छाया, छल, त्सेल. मी फक्त दिशा दाखवतो.

अश्दोदकर (मंगळवार, दुपारी ४:३०)

साहेब, छल म्हणजे फसवणूक. बाळाच्या बारशात ती दिशा नको.

सुरसागरकाठची आजी (बुधवार, रात्री ९:१५)

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांचं लक्ष एरवी क्रिकेटमध्ये असतं.

सावलीचं मला कुणी समजावून सांगायला नको हो. सध्या इथे वैशाख पेटलाय. मी बँकेत होते तेव्हा न्यायमंदिरापासून घरापर्यंत कुठल्या बाजूने, किती वाजता, कुणाच्या ओट्याखालून आलं की डोक्यावर ऊन लागत नाही, हे मला पाठ होतं. साडेपाचला सुरसागरची बाजू, तीनला अजिबात नाही. आमच्या गावाचं नावही वडावरून पडलं म्हणतात. त्यामुळे ‘देवाच्या सावलीत’ हे मी नणंदेला फोनवर एका दमात सांगितलं. ती म्हणाली, “अगं बाई, हे तर छानच आहे, मग छत्रपाल का नाही ठेवलं?” जाऊ दे.

ह्यांची गंमत सांगते. लाकडाचं नाव आलं तसे हे उठून बसले. म्हणाले, त्या पेटीचं माप दिलंय का पुस्तकात? मी मुलाला मेसेज केला, त्याने सूनबाईला विचारून पाठवलं: अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, बाभळीचं लाकूड, आतून-बाहेरून सोनं, चार कड्या, आणि उचलायला बाभळीच्याच दांड्या, त्याही सोन्याने मढवलेल्या. ह्यांनी लगेच कोपरापासून मधल्या बोटापर्यंत स्वतःचा हात टेपने मोजला. शेहेचाळीस सेंटिमीटर भरला. मग दुकानातल्या बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने पेटी काढली आणि पुटपुटायला लागले. “बाभूळ म्हणजे गाडीच्या चाकांचं लाकूड. रंध्याला दाद देत नाही. आणि रानात? तापमान असं? सांधा उघडणार. बाहेरून वर्ख मी लावेन, पण आतून कोपऱ्यात कसा बसवला असेल त्याने?” रात्री साडेअकराला दिवा घालवला तरी चालूच. शेवटी अंधारात म्हणाले, “तेरा वर्षांचा म्हणतात? मग बापाच्या दुकानात बसत असणार.”

तेव्हा अश्दोदकर, ह्यांचा प्रश्न आहे: आतून सोनं कसं लावलं? आणि दुसरा: दांड्या काढून ठेवता येत होत्या का? कारण नाही तर पेटी दारातून वळवताना अडचण.

शनवारतेली काका, तुमच्या ‘बसाजी’ने तर घरात फूट पाडलीय. ह्यांना तेच आवडलं. आजपासून बसाजीच म्हणतायत. मी चाली म्हणते. मुलगा म्हणतो, तुम्ही दोघं ठरवा, तो सध्या कशालाच ओ देत नाही.

आणि काका, तुमच्यासाठी एक वेगळं काम. बारशाला मी आमची सुंठवड्याची, घुगऱ्यांची तयारी करणारच आहे, पण सूनबाईसाठी मलिदाही करावा असं मनात आहे. तिला न सांगता. चाळीस माणसं धरा. कसा करतात?

शनवारतेली ठाणे (गुरुवार, सकाळी ६:०५)

आजीबाई, डोळ्यांत पाणी आणलंत सकाळी सकाळी.

आमच्या घरची रीत सांगतो, प्रत्येक घराची थोडी वेगळी. जाडे पोहे, चाळीस माणसांना प्रसादापुरते अडीच किलो पुष्कळ. धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे, भिजत घालायचे नाहीत, नाही तर लगदा होतो. ओला नारळ खवलेला, सहा-सात तरी. साखर अंदाजाने, आमची आई गोडाला कंजूस नव्हती. वेलची, बदाम, पिस्ते, बेदाणे. हाताने हलक्या मिसळायचं, चमच्याने नाही. मोठ्या ताटात डोंगर रचायचा आणि भोवती फळं मांडायची, त्यात खजूर हवाच. मग एलियाहू हानावीचं गाणं आणि फळांवरचे आशीर्वाद. ते तुमची सूनबाई म्हणेल, तुम्ही फक्त ताट समोर ठेवा. न सांगता ठेवणार असाल तर शेजारी रुमालही ठेवा.

बसाजीचा मान राखल्याबद्दल तुमच्या यजमानांना माझा शालोम.

अश्दोदकर (गुरुवार, दुपारी १:५०)

काकांच्या प्रश्नाने मजा आणली. हा प्रश्न आमच्या रब्बींनाही पडला होता. तालमूदमध्ये, योमा नावाच्या भागात, उत्तर दिलंय: बेत्सालेलने तीन पेट्या केल्या. मधली लाकडाची, आतली सोन्याची, बाहेरची सोन्याची, आणि एकीत एक बसवल्या. म्हणजे आतल्या कोपऱ्यात वर्ख लावत बसायचा प्रश्नच नाही.

दांड्या काढायच्या नाहीत, असा स्पष्ट हुकूम आहे. कड्यांतच राहायच्या. अडचण होते, बरोबर. पण ती पेटी दारातून न्यायची नव्हतीच, तंबूला पडदा होता.

सुरसागरकाठची आजी (शनिवार, संध्याकाळी ७:३०)

उत्तर वाचून दाखवलं. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तीन पेट्या. म्हणजे बाहेरची माप घेऊन आधी, की आतली आधी?” आता तुम्ही नका उत्तर देऊ, नाही तर बारशापर्यंत दुकान उघडायचं नाही.

आज सोनाराकडे जाऊन आले. या खेपेला मी कागदावर मोठ्या अक्षरात ‘बेत्सालेल’ लिहून नेलं आणि खाली ‘लाल नाही’ असंही लिहिलं. तो बराच वेळ त्या ‘त्सा’कडे बघत बसला. त्याचा दर अक्षरावर आहे. मी म्हटलं, चारच अक्षरं आहेत की, बे, त्सा, ले, ल. तो म्हणतो, “मासी, आ वच्चेवालो दोढ गणाय.” जोडाक्षर दीड धरणार म्हणे. साडेचार अक्षरांवर तुटलं. पैसे बुधवारी, वाटी हातात आल्यावर.